गुळाची काकू आणि अँटिबॉडीवरची साखर

"साखर खाल्ली की गाठ वाढती म्हणं. म्हणून गूळबी सोडलाय ओ मॅडम."

केमोच्या पेशंटचं रक्त काढताना हे वाक्य मी सतत ऐकते. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या लॅबमध्ये केमोच्या पुढच्या सायकलआधी, म्हणजे पुढच्या डोसाआधी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला कागल, गारगोटी, पन्हाळ्याकडून लोक येतात. वरचं बोलणाऱ्या काकूंच्या घरी गुऱ्हाळ आहे. आयुष्यभर काहिलीशेजारी उभं राहून गुळाचे रवे भरलेले हात, पण शीर सापडेना. पट्टा बांधला, मूठ आवळायला लावली, शेवटी पंज्याच्या पाठीवर एक बारीकशी लागली. गोडासोबत भात सोडलेला, भाकरी अर्ध्यावर आलेली. हिमोग्लोबिन नऊच्या खाली. हे बघून मला फार वाईट वाटतं.

कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात साखरेचा अभ्यास होतो हे खरं आहे, पण ती ग्लुकोमीटरवर दिसणारी साखर नव्हे. अँटिबॉडी म्हणजे रोगाशी लढणारं प्रथिन, आणि आयजीजी हा तिचा एक प्रकार. आपल्या रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडीच्या दोन्ही जड साखळ्यांवर, म्हणजे तिच्या दोन लांब भागांवर, २९७ क्रमांकाच्या अमिनो आम्लाला, साखरेच्या रेणूंची छोटी फांदी जोडलेली असते. मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्युकोज, टोकाला कधी सियालिक ॲसिड. यालाच ग्लायकोसिलेशन म्हणतात. वजनात ही फांदी जेमतेम दोन-तीन टक्के, पण अँटिबॉडी कसं वागणार ते बरंचसं तिच्यावर ठरतं. फ्युकोज नसेल तर अँटिबॉडी एनके पेशींना (शरीरातल्या मारेकरी पेशींना) जास्त घट्ट चिकटते आणि त्या समोरची पेशी मारतात. हे ओळखूनच ओबिनुटुझुमॅब हे औषध कमी फ्युकोजचं बनवलं. २०१३ मध्ये अमेरिकेत एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी त्याला मंजुरी मिळाली.

याच फांदीतल्या गॅलॅक्टोजचं बघा. संधिवाताच्या पेशंटमध्ये तो कमी असतो हे १९८५ सालीच छापून आलं. पुढे जठर, अंडाशय, फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्येही तसंच दिसलं. पण वय वाढलं, शरीरात सूज असली तरी तो घटतो, आणि गरोदरपणात वाढतो. त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावरून "कॅन्सर आहे" असं कुणी सांगू नये, आणि तसं सांगून कुणी महागडी तपासणी गळ्यात मारत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

उपचार सुरू झाले की गुंता आणखी वाढतो. आयजीजीचं अर्धआयुष्य, म्हणजे रक्तातली निम्मी संपायला लागणारा काळ, साधारण तीन आठवड्यांचं, आणि केमोची सायकलही बऱ्याचदा तीन आठवड्यांचीच. म्हणजे आज काढलेल्या नळीत मागच्या डोसच्या आधी तयार झालेल्या अँटिबॉडीही असतात. स्तनाच्या कॅन्सरसाठी ट्रास्टुझुमॅब चालू असेल तर ते औषध स्वतःच आयजीजी आहे, हॅम्स्टरच्या पेशींत तयार झालेलं, त्या पेशींनी लावलेली साखर घेऊन आलेलं. ते पेशंटच्या अँटिबॉडींपासून वेगळं धरलं नाही तर रिपोर्टमध्ये औषधाचीही साखर मोजली जाईल. म्हणून मला वाटतं, असा अभ्यास करायचा तर पहिला नमुना उपचाराआधीचाच हवा, आणि पुढच्या प्रत्येक नळीवर डोसची तारीख हवी. आमच्याकडच्या फॉर्मवर तारखेचा तो रकाना नसतो. मी तो हाताने लिहिते.

काकूंना यातलं थोडंच सांगितलं. अँटिबॉडीवरची साखर शरीरातल्या पेशी स्वतः जोडतात, त्यांच्या एन्झाइमनी. गॅलॅक्टोज शरीर ग्लुकोजपासून बनवून घेतं. चहातला गूळ सोडून ती फांदी सुधारत नाही, आणि उपाशी राहून गाठही मरत नाही. वजन मात्र उतरतं, आणि अशक्त पेशंटचा डोस पुढे ढकलावा लागू शकतो. डायबेटिस असेल, किंवा केमोबरोबर स्टेरॉइड मिळत असेल, तर रक्तातली साखर वाढू शकते. तेव्हा गोडाचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारायचं. काकूंना डायबेटिस नव्हता.

"मग भाकरी खाऊ?"

"भाकरी खा, भात खा, डाळ-अंडी खा काकू. गुळाचं आज डॉक्टरांना विचारूनच घरी जा."

सोबत आलेल्या सुनेनं लगेच फाइलच्या मागं लिहून घेतलं.