रिलीजची तारीख उलटी मोजायची असते

मराठीत ‘निर्माता’ म्हटलं की पैसा घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. गेमच्या धंद्यातला प्रोड्यूसर बहुतेक वेळा स्वतःचा छदामही घालत नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स 1982 मध्ये सुरू झाली, आणि ट्रिप हॉकिन्स यांनी हे पद रेकॉर्ड कंपन्यांकडून उचललं. कलावंतांना स्टुडिओत बसवून ठरल्या दिवशी रेकॉर्ड हातात पाडून घेणारा माणूस, तो हा प्रोड्यूसर. कोड लिहायचा नाही, चित्र काढायचं नाही, आणि बहुतेक ठिकाणी टीममधल्या कुणाचा साहेबही व्हायचं नाही. तरी गेम वेळेत बाहेर पडला नाही तर पहिला प्रश्न यालाच विचारतात.

नवे प्रोड्यूसर आजपासून पुढे मोजत जातात, आणि इथेच हिशेब फसतो. शेवटच्या टप्प्यांतली बरीच कामं बाहेरच्या लोकांच्या हातात असतात आणि तुमच्या घाईशी त्यांना देणंघेणं नसतं. म्हणून रिलीजच्या दिवसापासून मागे यायचं.

कन्सोलवर यायचं तर प्रमाणन, म्हणजे कन्सोल कंपनीची तपासणी, चुकत नाही. प्लेस्टेशनची टीआरसी, एक्सबॉक्सच्या एक्सआर अटी, निन्टेंडोचा लॉटचेक, तिघांची यादी वेगळी. गेम कंटाळवाणा आहे म्हणून तिथे कुणी नापास होत नाही, नापास होतो तो किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर. खेळताना कंट्रोलरची बॅटरी संपली आणि गेम थांबलाच नाही. कन्सोल झोपवून परत उठवलं तर नेटवर्कचा खेळ लटकला. सेव्ह करायला जागा उरली नाही आणि गेम गप्प बसला. एका कन्सोलच्या आवृत्तीत दुसऱ्याच्या बटणाचं चित्र राहून गेलं. ही यादी पहिल्या महिन्यातच क्यूएच्या, म्हणजे गेम तपासणाऱ्या टीमच्या, हातात द्यावी. एकदा नापास व्हायला धरूनच चला: दुरुस्ती, पुन्हा संपूर्ण तपासणी, पुन्हा रांग. त्यामुळे रिलीजच्या 6 आठवडे आधी बिल्ड (गेमची चालवता येणारी प्रत) जमा झालेला हवा. डिस्क छापायची असेल तर आणखी आधी. वयोगटाचं मानांकन हे तिसरंच दार, त्याची कागदपत्रं प्रमाणनाच्या आधी तयार हवीत.

स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, दारं कमी, पण आहेत. प्रत्येक गेममागे 100 डॉलर भरले की त्या दिवसापासून रिलीजपर्यंत 30 दिवस जावे लागतात, आणि ‘कमिंग सून’चं पान किमान 2 आठवडे लोकांना दिसलं पाहिजे. पानाची आणि बिल्डची तपासणी वेगळी. ही किमान मुदत झाली. विशलिस्ट (‘घ्यायचा आहे’ म्हणून गेम नोंदवून ठेवणारे लोक) जमवायची असेल तर पान कित्येक महिने आधी लावावं लागतं, आणि त्या पानासाठी लागणारा ट्रेलर बनवायला टीममधलेच लोक काढून द्यावे लागतात. वेळापत्रकात हा ट्रेलर बहुधा लिहिलेलाच नसतो.

त्याच्या मागे भाषांतर. मजकूर गोठवल्यावर, म्हणजे त्यात आता बदल नाही असं ठरल्यावर, भाषांतराला 4 ते 6 आठवडे आणि खेळून तपासायला आणखी 2 ते 3 धरा. जर्मन मजकूर इंग्रजीपेक्षा सुमारे तीस टक्के लांब होतो, बटणाबाहेर सांडतो. जपानी-चिनी अक्षरं फॉन्टमध्ये नसली की त्यांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. सगळ्यात वाईट म्हणजे प्रोग्रॅमरने तुकडे जोडून बनवलेलं वाक्य, म्हणजे वस्तूचं नाव अधिक ‘मिळाला’. बाण मिळाला ठीक, पण किल्ली मिळाली आणि नाणं मिळालं, दोन बाण तर मिळाले. इंग्रजीत असं वाक्य खपून जातं, मराठीत दुसऱ्याच वस्तूला तोंडावर आपटतं. वाक्य पूर्णच्या पूर्ण लिहून घ्यायचा नियम प्री-प्रॉडक्शनमध्येच, म्हणजे प्रत्यक्ष बांधणीआधीच्या तयारीत, करून टाकावा. नंतर हजारो ओळी हाताने उकलत बसावं लागतं.

आता आकडे मांडू. दीड वर्षाचा, म्हणजे 78 आठवड्यांचा प्रकल्प घ्या. प्रमाणनाला बिल्ड 6 आठवडे आधी, बीटा 14 आठवडे आधी, मजकूर 16 आठवडे आधी गोठलेला, अल्फा 26 आठवडे आधी. अल्फा म्हणजे सगळी फीचर्स आत, बीटा म्हणजे सगळा कंटेंट आत. या व्याख्या कंपनीगणिक बदलतात, म्हणून करारातच लिहून घ्याव्यात. सुरुवातीचे 24 आठवडे प्री-प्रॉडक्शनचे. उरले 28. बाहेरून दीड वर्ष दिसतं, पण फीचर्स घडवायला हातात असतात हे 28 आठवडे.

तेही पूर्ण मिळत नाहीत. एका माणसाचे 12 आठवडे म्हणजे कागदावर 480 तास. रजा-आजारपणाचे 5 दिवस वजा केले की 55 दिवस. मीटिंगा, बिल्डची वाट पाहणं, दुसऱ्याच्या शंका यातून दिवसाला खरे साडेपाच तास उरतात, म्हणजे साधारण 302. त्यातले वीस टक्के बगसाठी बाजूला ठेवले की 242. निम्मे. हा निम्मा आकडा पैसे देणाऱ्या प्रकाशकाला आवडत नाही, पण 480 वर बांधलेलं वेळापत्रक शेवटी रात्री आणि रविवार खाऊनच पुरं होतं. थकलेल्या माणसाने केलेली दुरुस्ती बहुतेकदा नवा बग घेऊन येते, तेव्हा त्यात फायदाही फारसा नसतो.

म्हणूनच ‘एक शत्रू वाढवूया ना’ या वाक्याची किंमत प्रोड्यूसरला तोंडपाठ हवी. मध्यम आकाराच्या गेममध्ये एका शत्रूचा हिशेब साधारण असा बसतो: आराखडा 2 दिवस, खऱ्या चित्रांऐवजी साध्या ठोकळ्यांवर खेळून पाहणं 3, कॉन्सेप्ट चित्र 4, मॉडेल आणि टेक्श्चर 12, रिग (मॉडेल हलवणारा आतला सांगाडा) 4, अठरा अ‍ॅनिमेशनचे 18, एआयचा (शत्रूच्या वागण्याचा) कोड 10, इफेक्ट 4, आवाज 3, समतोल साधणं 4. बेरीज 64 मनुष्यदिवस. असे दहा शत्रू म्हणजे 640.

ही साखळी आहे, आणि ओढ कुठून बसते यावर नुकसान ठरतं. ठोकळ्यांवर खेळताना शत्रू नीरस वाटला आणि काढून टाकला तर 5 दिवस गेले. अ‍ॅनिमेशन झाल्यावर काढला तर कोड सोडूनही 43. त्याहून वाईट म्हणजे काढत नाहीत, नुसते ‘हात जरा लांब करा’ म्हणतात. हात लांब झाले की रिग पुन्हा, हल्ल्यांची अ‍ॅनिमेशन पुन्हा, मार लागण्याचं अंतर पुन्हा, आणि त्या अंतरावर बेतलेल्या खोल्याही पुन्हा. रिग सुरू होण्याआधी कला, डिझाइन आणि अ‍ॅनिमेशन या तिघांची लेखी मान्यता घ्यायची ती यासाठी. काटछाट करायची तर ती ठोकळ्यांच्या पायरीवर करावी. तिथे ती स्वस्त पडते आणि कुणाच्या महिन्याभराच्या मेहनतीवर पाणीही पडत नाही.

व्हर्टिकल स्लाइस, म्हणजे शेवटच्या दर्जाचा गेमचा छोटा तुकडा, दाखवताना जपा. दहा मिनिटांचा तुकडा चकाचक झाला की प्रकाशक खूश होतो, पण त्या दहा मिनिटांना किती मनुष्यदिवस लागले हे कुणी लिहून ठेवत नाही. ठेवा. पुढच्या सहा तासांच्या खेळाचा अंदाज त्याच आकड्यावर उभा राहणार असतो. माइलस्टोनच्या (ज्या टप्प्यांवर पैसे मिळतात त्यांच्या) अटीही मोजता येतील अशा लिहाव्यात. ‘लढाई मजेदार’ या अटीवर पैसे अडकतात. ‘3 शत्रू, 2 शस्त्रं, एक पूर्ण लेव्हल, साध्या कन्सोलवर 30 एफपीएस, क्रॅश करणारा एकही बग उघडा नाही’ यावर वाद होत नाही. 30 एफपीएस (सेकंदाला 30 फ्रेम) म्हणजे दर फ्रेमला 33.3 मिलिसेकंद, 60 म्हणजे 16.7, दर आठवड्याच्या बिल्डला हा आकडा मोजून नोंदवला तर कुणाचा नवा धूर किंवा सावली महागात पडली ते त्याच आठवड्यात कळतं.

बीटानंतर दिवस बग ट्रायजने, म्हणजे कोणता दोष आधी काढायचा ते ठरवून, सुरू होतो. दोष किती गंभीर आणि दुरुस्तीची निकड किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अडगळीच्या मेन्यूत कसंबसं घडवून आणता येणारा क्रॅश गंभीर असतो, पण थांबू शकतो. पहिल्या पडद्यावर गेमचंच नाव चुकलं असेल तर दोष किरकोळ, पण आजच काढायचा. रिपोर्टमध्ये बिल्ड क्रमांक, पायऱ्या, दहातून किती वेळा घडतं आणि व्हिडिओ नसेल तर तो परत पाठवावा. तारीख गाठणार का, ते उघड्या बगच्या आकड्यावरून कळत नाही, फरकावरून कळतं. 300 उघडे, रोज 40 नवे, रोज 55 बंद, म्हणजे निव्वळ 15. अजून 20 कामाचे दिवस. शेवटच्या दोन आठवड्यांत दुरुस्तीचा धोका बगपेक्षा मोठा वाटला तर बग तसाच सोडून पॅचच्या (रिलीजनंतरच्या दुरुस्तीच्या) यादीत टाकायचा, आणि सोडल्याची नोंद नावासकट ठेवायची.

‘गोल्ड’ झालं, म्हणजे डिस्कवर जायची प्रत पक्की झाली, की सुटलो, असंही नाही. सायबरपंक 2077 हा गेम गोल्ड झाल्याची घोषणा 5 ऑक्टोबर 2020 ला झाली, आणि 27 ऑक्टोबरला रिलीज 19 नोव्हेंबरवरून 10 डिसेंबरवर ढकललं गेलं. डिस्कसाठी बिल्ड पुढे गेल्यावरही रिलीजच्या दिवशीच द्यायच्या डे वन पॅचचं काम चालूच असतं. त्यासाठी कोडची वेगळी शाखा (समांतर प्रत) काढून ठेवा आणि रिलीजच्या आठवड्यात कोण कधी जागं राहणार याची पाळी आधी लावा. कन्सोलवरचा पॅचही तपासणीतून जातो, म्हणून एका ओळीची दुरुस्ती तासाभरात झाली तरी खेळाडूपर्यंत पोचायला काही दिवस लागू शकतात. जे सर्व्हरवरून बंद करता येईल त्याला आधीच स्विच बसवून घ्या: दुकान, दैनिक बक्षिसं, ऑनलाइन स्पर्धा.