ड्रिफ्टिंगच्या खऱ्या हिरो गाड्या स्वस्तातल्याच होत्या

ड्रिफ्टिंग म्हणजे वळणात मागची चाकं मुद्दाम घसरवत गाडी आडवी पळवायची. त्याच्या गाड्या म्हटलं की आपल्याकडची पोरं पहिलं नाव घेतात निसानच्या स्कायलाईन जीटी-आरचं. अरे पण तिचं आर३२ मॉडेल फोर व्हील ड्राईव्ह आहे, मागची चाकं घसरायला लागली की ती पुढच्या चाकांना पॉवर पाठवून गाडी सावरते, आणि ड्रिफ्टवाल्याला नेमकं तेच नको असतं! म्हणून जपानमधले ड्रिफ्टवाले तिचीच बहीण जीटीएस-टी घ्यायचे, रिअर व्हील ड्राईव्ह (पॉवर फक्त मागच्या चाकांना) आणि वर स्वस्त.

या खेळात हे असंच चालत आलंय, म्हणजे भारी गाडी नाही तर ठोकली तरी परवडेल अशी गाडी. टोयोटाची एई८६ घ्या, १९८३ ते ८७ ची, १.६ लिटरचं इंजिन, कागदावर १३० हॉर्सपॉवर. त्या पिढीतल्या बाकीच्या कोरोला फ्रंट व्हील ड्राईव्ह झाल्या, ही तेवढी जुन्या पद्धतीची, रिअर व्हील ड्राईव्ह राहिली. जपानचा गाजलेला ड्रिफ्टर केइची त्सुचिया घाटात हीच पळवायचा. नुसता ॲक्सिलरेटर दाबून टायर घसरवण्याइतका दम नव्हता तिच्यात, त्यामुळे वळणात स्पीडने शिरायचं, ब्रेकने वजन पुढे टाकायचं, मागचं हलकं झालं की झोकून द्यायची.

मग १९८८ ला निसानची सिल्विया एस१३ आली. खरंतर पोरीला फिरवायला घ्यायची गाडी होती ती, पण टर्बो, रिअर व्हील ड्राईव्ह, मागे मल्टीलिंक सस्पेन्शन, आणि सेकंडहँड झाल्यावर पोरांच्या खिशाला परवडणारी, अजून काय पाहिजे? तिची जुळी १८०एसएक्स, वर उघडणाऱ्या हेडलाईटवाली. तिचं तोंड भिंतीवर फुटलं की पोरं सिल्वियाचं तोंड आणून बसवायची, आणि ही जुगाड गाडी इतकी गाजली की तिला सिलएटी असं नाव पडलं 😄 तडकलेला बंपर केबल टायने टाके घातल्यासारखा शिवलेला दिसतो ना, ती तर आता स्टाईलच झालीय.

युरोपात हेच काम बीएमडब्ल्यू ई३६ ने केलं. घसरताना दोन्ही मागच्या चाकांना पॉवर देणाऱ्या लिमिटेड स्लिप डिफरेन्शिअलला पैसे नसले तर सरळ साधं डिफरेन्शिअल वेल्ड करून जाम करून टाकायचं, दोन्ही मागची चाकं सारखीच फिरतात, पार्किंगमध्ये वळवताना मात्र टायर कुईं कुईं करत उड्या मारतात.

आता वाईट एवढंच की या गाड्या गाजल्या, निम्म्या ठोकून संपल्या, आणि उरलेल्यांचे भाव आभाळाला भिडले. त्यात अमेरिकेत २५ वर्षं झालेली गाडी आणता येते, म्हणजे २०२४ पासून तिकडे सिल्वियाच्या नंतरच्या एस१५ मॉडेलला पण रस्ता मोकळा झाला. एस१५ स्पेक-आर, २५० हॉर्सपॉवर, सहा गिअर, दिसायला तर विषयच नाही, पण एवढे पैसे मोजल्यावर ती भिंतीला घासायची हिंमत कोण करणार, मी तर नाही बाबा. मला आपली घासलेली, रंग उडालेली एस१३ द्या.