कावळ्यांसाठी काही ठेवू नये

इथे जपानमध्ये एका दफनभूमीच्या दारात पाटी आहे : थडग्यापुढे ठेवलेलं खाणंपिणं जाताना परत न्यावं, कावळे येतात.

कावळे येतात! ज्याच्यासाठी आपण दहाव्याला घाटावर माना वर करून ताटकळतो, 'धाकटीच्या लग्नाचं मी बघेन, काळजी करू नका, आता शिवा' अशी हात जोडून वचनं देतो, आणि तरी तो ढिम्म हलला नाही की शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ निभावतो, त्याची इथे तक्रार! शेजारच्या आजींसोबत मी त्यांच्या यजमानांच्या थडग्याशी गेले होते. पाटी वाचून मला इतकं लागलं की आजींना वाटलं, मला बरं वाटत नाहीये.

सप्टेंबरात दिवस-रात्र समसमान होतात, त्या दिवशी जपानमध्ये सरकारी सुट्टी असते. 1948 च्या सुट्ट्यांच्या कायद्यात तिचं कारणच दिलंय : पूर्वजांचा मान राखावा, गेलेल्यांची आठवण काढावी. आपला पितृपक्ष बहुतेक याच सुमारास येतो, आणि सर्वपित्रीची रजा मागताना आपण अर्जावर 'घरगुती काम' लिहितो.

तर आजी. लाकडी बादलीतून पाणी आणलं, पळीने शिळेवर ओतलं, फडक्याने अक्षरांच्या खाचा पुसल्या. उदबत्ती लावली. मग पिशवीतून ओहागी काढली, म्हणजे भाताचा लाडू आणि वरून गोड लाल चवळीसारख्या डाळीचं पुरण, आणि कॅनमधली कॉफी. कॅन फटकन उघडून शिळेपुढे ठेवला आणि बोलायला सुरुवात. गुडघ्याचं, नातीच्या परीक्षेचं, गळणाऱ्या नळाचं. मध्येच माझी ओळखही करून दिली. बोलून झाल्यावर सगळं परत पिशवीत. कॉफी आम्ही दोघींनी बाकावर बसून अर्धी अर्धी संपवली. मी विचारलं, कावळ्याने खाल्लं तर काय बिघडलं? त्या म्हणाल्या, "कावळ्याला कशाला? मी यांच्यासाठी आणलं होतं."

खरं सांगायचं तर टोकियोचा कावळा पाहिलात तर तुम्हीही पिंड उचलून घ्याल. आपल्याकडच्यापेक्षा धिप्पाड, चोच कोयत्यासारखी. कचऱ्याच्या पिशव्यांवर गल्लोगल्ली जाळ्या टाकलेल्या असतात त्या याच्याच धाकाने. 2001 मध्ये शहरात ते 36 हजारांच्या घरात होते, तेव्हापासून सरकार पिंजरे लावून त्यांना पकडतं. आणि तिकडे पुण्यात दादा सोसायटीच्या गच्चीवर वाडी ठेवून तासभर 'का का' करतो, तर कबुतरं येतात.

पण कावळ्याचं सोडा (मला सोडवत नाहीये, हे कळतंय). आजींच्या घरात बसायच्या खोलीत कपाटासारखं देवघर आहे. मधोमध बुद्ध आणि त्याच्याच खालच्या पायरीवर यजमानांच्या नावाची लाकडी पट्टी. सकाळी कुकर उघडला की पहिला भात वाटीभर तिथे. घंटी वाजवायची, हात जोडायचे. नात निकाल आधी तिथे दाखवते, मग आईला. आपल्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो देवघरात चालत नाही. बाहेरच्या खोलीत उंचावर, चंदनाचा हार, आणि वर्षातून एकदा तिथीला पान. एरवी तो फोटो भिंत रंगवताना काढला तरच कोणाला आठवतो.

ऑगस्टच्या मध्यावर ओबोन येतं. मृतांना घरी आणायला काकडीचा घोडा करतात, काड्यांचे पाय लावून, म्हणजे ते लवकर पोहोचतात. परत जायला वांग्याची गाय, सावकाश जावं म्हणून. आगगाड्या भरून लोक गावी जातात, रात्री मैदानात फेर धरून नाचतात. मुळात ही कथा बुद्धाच्या शिष्याची, मौद्गल्यायनाची : मेलेली आई प्रेतयोनीत उपाशी दिसली म्हणून त्याने भिक्षूंना जेवू घातलं. म्हणजे पात्रं आपल्याकडचीच. त्यांनी त्यावर नाच बसवला, आणि आपण त्या पंधरवड्यात साधी चप्पलसुद्धा घेत नाही.

लगेच 'तिकडचं सगळं भारी' असं म्हणू नका. इथे मेल्यानंतरचं नाव मंदिराकडून घ्यावं लागतं, त्याला लाखो येन पडतात. गावाकडची थडगी बघायला कोणी उरलं नाही म्हणून अस्थी हलवून थडगी बंद करणंही आता सर्रास चालतं. आपल्याला शिळा नाही, भाडं नाही. नदीत अस्थी सोडल्या की माणूस कुठेही भेटू शकतो, हे मला फार सोयीचं वाटतं. मुंबईचं विमान न पकडणाऱ्या मुलीला वाटणारच, असं दादा म्हणेल. पण गेले तरी काय? पिंड तोच देणार, मी पानं वाढणार आणि काकू विचारणार, तिकडे वरणभात करतेस ना?

त्या पाटीनंतर मी आईचा फोटो स्वयंपाकघरात आणला, फ्रिजवर. सकाळचा पहिला चहा तिच्यापुढे, आलं ठेचून, साखर तिला लागायची तेवढी, म्हणजे जरा जास्तच. तो निवायच्या आत मीच पिते. तोवर तिला सगळं सांगून होतं : बॉस, हवामान, भाव. कोथिंबिरीचा भाव ऐकून ती काय म्हणाली असती, तेही मीच बोलून घेते. नवरा आधी दबकत यायचा, आता मध्ये तोंड घालतो. व्हिडिओ कॉलवर दादाला फोटो दिसला तेव्हा तो म्हणाला, "अगं, गेलेल्या माणसाचा फोटो शेगडीशेजारी ठेवतात का?" म्हटलं, ती जिवंतपणी दुसरीकडे कुठे असायची?

यंदा सर्वपित्रीच्या आधी त्याने यादी वाचून दाखवली : खीर, वडे, आळूवडी, गवार, भोपळा, कढी, आमसुलाची चटणी, कारलं. आई कारल्याला हात लावायची नाही. बाबांसाठी करायची आणि स्वतः लोणच्याशी जेवायची. म्हटलं, कारलं काढ. तो म्हणाला, शास्त्र आहे. मी म्हटलं, शास्त्र राहू दे, मी रोज सकाळी तिच्याशी बोलते, तिला नकोय. त्याने फोन वहिनीकडे दिला. वहिनी हळूच म्हणाली, "कारलं थोडंसंच करते, आणि लोणचं वाढते पानात."