टच बिघडला आहे, हे पटवून देताना

वॉरंटीतल्या मोबाइलचा टच बिघडला तर तो फुकट बदलून मिळतो, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र तो बिघडला आहे हे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मान्य करून घेणे किती जिकिरीचे असते, याची कल्पना तेथे गेल्याशिवाय येत नाही. माझा फोन थोडा तापला, म्हणजे व्हिडिओ कॉल लांबला किंवा नकाशा बराच वेळ सुरू राहिला, की पडद्याच्या उजव्या कडेला कोणीही हात न लावता आपोआप टच होऊ लागे. इंग्रजी कीबोर्डवर ‘पी’ या अक्षराची रांगच्या रांग उमटत असे आणि अशी एक रांग शाळेच्या ग्रुपवरही जाऊन पोहोचली.

बिल शोधणे, बॅकअप घेणे आणि चिपळूणहून एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे येथपर्यंत सारे सुरळीत झाले. काउंटरवरील तरुणाने फोन घेतला, पडदाभर पसरलेले चौकोन बोटाने हिरवे करत जाण्याची चाचणी केली आणि सांगितले, “मॅडम, टच एकदम ओके आहे.” वातानुकूलित दालनात तासभर बसून थंड झालेल्या फोनचा टच ओके असणारच, हे मी परोपरीने सांगून पाहिले. पावसाळ्यात चिपळूणहून आलेला फोन म्हटल्यावर त्यांचे निदान लगेच ठरले : पाणी गेले असणार. त्यांनी सिमचा ट्रे काढून आत टॉर्चचा प्रकाश पाडला; ओलाव्याने लाल होणारी खूणपट्टी पांढरीशुभ्र होती. त्यानंतर चार्जर, मग पडद्यावर चिकटवलेली संरक्षक काच, आणि शेवटी सॉफ्टवेअर असे एकेक आरोपी पुढे आणले गेले. अपडेट करून फोन परत देण्यात आला आणि जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, ‘तक्रार आढळली नाही’ असा शेरा पडला. संध्याकाळी घरी येईपर्यंत ‘पी’ची रांग पुन्हा सुरू झाली होती. जॉबशीटवरील शेरा वाचल्याशिवाय सही करू नये, हे येथेच सांगून ठेवते.

त्यांचे आरोप अगदीच निराधार नव्हते, आणि म्हणूनच ते खोडून काढायला टच कसा चालतो हे समजून घ्यावे लागले. काचेखाली बहुधा इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक पण विद्युतवाहक पदार्थाच्या उभ्या-आडव्या रेषांची जाळी असते. बोट जवळ आले की त्या ठिकाणच्या छेदबिंदूवरील विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, किंचित बदलते, आणि सेकंदाला अनेक वेळा संपूर्ण जाळी तपासणारी चिप त्या बदलावरून बोटाची जागा ठरवते. येथे दाबाचा संबंध नसतो, त्यामुळे पाण्याचा थेंबही चिपला फसवू शकतो आणि हलक्या चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाटही. शाळेतील आमच्या डिजिटल फळ्याची तऱ्हा वेगळी आहे. त्याच्या चौकटीतून अवरक्त किरण सोडलेले असतात, ते अडले की टच होतो, म्हणून तेथे बोटाऐवजी डस्टरचा कोपराही चालतो. जुन्या एटीएमचे काही पडदे तर दोन थर एकमेकांना टेकेपर्यंत दाबावे लागत. मोबाइलसारख्या धारितेवर चालणाऱ्या पडद्याची कल्पना ई. ए. जॉन्सन यांनी 1965 साली इंग्लंडमधील मालव्हर्न येथे विमानवाहतूक नियंत्रणासाठी मांडली होती, हे वाचल्यावर काउंटरवरच्या त्या ‘एकदम ओके’चा राग अधिकच आला.

पुरावा तयार करण्याची रीत अशी. अँड्रॉइड फोनच्या माहितीत ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टच केले की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. त्यातील ‘पॉइंटर लोकेशन’ सुरू केले की जेथे जेथे टच नोंदला जातो तेथे पडद्यावर रेषा उमटते. मी चार्जर काढून, वरची संरक्षक काच सोलून, पडदा कोरडा पुसून फोन टेबलावर ठेवला आणि माझे दोन्ही हात बाजूला दिसतील अशा बेताने बहिणीकडून तिच्या फोनवर चित्रीकरण करून घेतले. सगळ्या रेषा त्याच एका उभ्या पट्ट्यात उमटत होत्या. पाण्याच्या थेंबाचे किंवा चार्जरच्या गोंगाटाचे टच सहसा असे एकाच रांगेत शिस्तीने येत राहत नाहीत. जाळीची एखादी उभी रेषा किंवा तिची जोडणीच बिघडली असावी, असे त्यावरून म्हणता येत होते.

पुढच्या खेपेस व्हिडिओ दाखवूनही तो तरुण चौकोन हिरवे करायला बसला, तेव्हा मी पर्यवेक्षकांना बोलावण्याची विनंती केली आणि फोन त्यांच्यासमोरच व्हिडिओ कॉल लावून तापवला. मागे टोकन घेऊन बसलेली माणसे चुळबुळ करू लागली होती, पण मी खुर्ची सोडली नाही. काही वेळाने उजवी कड आपोआप चालू लागली आणि पर्यवेक्षक म्हणाले, “कॉम्बो बदलावा लागेल.” कॉम्बो म्हणजे डिस्प्ले आणि टच यांचा एकत्र भाग. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो नवा फोन घेतानाही झाला नव्हता. डिस्प्ले आणि टच आता बहुतेक फोनमध्ये एकमेकांना चिकटवलेले असल्याने दोन्ही एकत्रच बदलतात, म्हणून वॉरंटी संपलेली असेल तर खर्च बराच येतो. त्यांनी ऐकलेच नसते तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करण्याची माझी तयारी होती.

सुटा भाग येण्यास वेळ लागला, पण शुल्क शून्य लागले. फोन देताना स्क्रीन लॉक काढायला सांगतात. त्याआधी बँकेची अॅप काढून टाकावीत आणि सिम स्वतःजवळ ठेवावे. बदललेल्या भागाची वॉरंटी कोणत्या तारखेपर्यंत आहे ते जॉबशीटवर लिहून मागावे. माझ्या जॉबशीटवर तो रकाना कोराच होता आणि मी विचारल्यावरच भरला गेला.