उन्हाळी प्री-कॉलेज प्रोग्रॅममुळे अॅडमिशनला किती फरक पडतो?

अमेरिकेतल्या एखाद्या नामांकित विद्यापीठाच्या आवारात शाळकरी मूल दोन आठवडे राहून, शिकून आलं, तर पुढे त्याच विद्यापीठात प्रवेश मिळणं सोपं जातं का? नाही. प्रवेश देणारी कचेरी आणि उन्हाळी वर्ग चालवणारा विभाग बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. उन्हाळ्यात वर्गखोल्या आणि वसतिगृहं मोकळी असतात, त्यांतून उत्पन्न मिळवणं हा त्या विभागाच्या कामाचाच भाग असतो. अनेक विद्यापीठं आपल्या साइटवर स्पष्ट लिहितात की या प्रोग्रॅमला येण्याने प्रवेशात कोणतंही प्राधान्य मिळत नाही. हे वाक्य पालकांनी शब्दशः खरं मानावं. दोन निवासी आठवड्यांना पाच-सहा हजार डॉलर आणि हार्वर्डच्या सात आठवड्यांच्या निवासी प्रोग्रॅमला दहा हजारांच्या पुढे खर्च येतो. नुसत्या नावासाठी एवढे पैसे घालू नयेत.

पण सगळे प्रोग्रॅम एका मापाने मोजता येत नाहीत. काहींना अर्ज वाचणारे खरोखर वजन देतात, आणि त्यांतले बरेच फुकट किंवा उत्पन्नानुसार सवलतीचे असतात. एमआयटीत होणाऱ्या आरएसआय (रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट) या संशोधनाच्या प्रोग्रॅममध्ये जगभरातून जेमतेम शंभर मुलं घेतात. शिकण्याचा, राहण्या-जेवणाचा खर्च नाही, प्रवासखर्च मात्र आपला. एमआयटीचाच एमआयटीईएस हा विज्ञान-तंत्रज्ञानाचा प्रोग्रॅम फुकट आहे, पण तो अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच. टेल्युराइड असोसिएशन या शैक्षणिक संस्थेचा टॅस हा प्रोग्रॅम वाचन, लेखन आणि चर्चेवर उभा आहे, तोही फुकट. गणितात रॉस हा प्रोग्रॅम १९५७ पासून आणि बॉस्टन विद्यापीठातला प्रॉमिस १९८९ पासून चालू आहे. या दोन्हींच्या अर्जातच गणितं असतात. ती तासाभरात सुटत नाहीत. मूल दोन-तीन आठवडे आकडे मांडून पाहतं, नियम शोधतं आणि मग सिद्धता लिहितं. उत्तर अपुरं राहिलं तरी विचार कुठवर पोचला ते लिहून पाठवायचं असतं. समर सायन्स प्रोग्रॅमच्या खगोलशास्त्र शाखेत मुलं पृथ्वीजवळच्या लघुग्रहाची दुर्बिणीतून छायाचित्रं घेतात, त्यांवरून त्याची स्थिती मोजतात आणि कक्षा काढण्याचा कोड स्वतः लिहितात.

अशा प्रोग्रॅमना किंमत येते ती दोन कारणांनी: कडक निवड कुणीतरी आधीच केलेली असते, आणि मुलाच्या हाती दाखवण्याजोगं काम असतं. मात्र आरएसआयची मुलं मोठ्या विद्यापीठांत जातात याचा अर्थ आरएसआयने त्यांना तिथे पोचवलं असा काढू नये. जी मुलं तिथे निवडली जातात, ती आधीपासूनच तेवढी पुढे असतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती तिसऱ्या प्रकारात. खासगी कंपनी प्रसिद्ध विद्यापीठाचं आवार भाड्याने घेते आणि घरी 'आपल्या पाल्याची निवड झाली आहे' असं भारदस्त पत्र येतं. अशी पत्रं पाठवण्याच्या यादीत नाव येण्यासाठी एखादा ऑनलाइन सर्व्हे भरलेलाही पुरतो. पत्र आलं की तीन गोष्टी तपासा. पैसे कुणाच्या नावाने भरायचे आहेत? विद्यापीठाच्या स्वतःच्या साइटवर या प्रोग्रॅमचं पान आहे का? आणि अर्जात गुणपत्रक, शिक्षकांचं पत्र, लेखी काम यांपैकी काही मागितलंय का? काहीच मागितलं नसेल, तर निवड झाली असं म्हणण्यात अर्थ नाही.

आता हे सगळं अर्जात कसं दिसतं ते पाहू. कॉमन अॅप म्हणजे एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायची ऑनलाइन सोय. त्यात उपक्रमांच्या दहा जागा असतात आणि वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं. वर्षातले किती आठवडे आणि आठवड्याला किती तास, हेही भरावं लागतं. समजा एका मुलीने लिहिलं, 'दोन आठवड्यांचा अर्थशास्त्राचा कोर्स. व्याख्यानं, गटचर्चा, प्रमाणपत्र.' यावरून वाचणाऱ्याला फक्त तिच्या घरी पैसे आहेत एवढंच कळतं. तिनेच कोर्सनंतर गावातल्या बसच्या वेळा आणि प्रवासीसंख्या गोळा करून अहवाल केला, तर नोंद होईल, 'चार मार्गांची प्रवासीसंख्या नोंदवली, उशिराची कारणं शोधली, अहवाल परिवहन समितीपुढे मांडला.' इथे वाचणाऱ्याला तिचं काम दिसतं. कोर्स हे निमित्त. वजन पडतं ते त्यानंतरच्या कामाचं. माझ्या मते पैसे भरून केलेला कोर्स योग्य ठरतो तो अशाच वेळी, म्हणजे शाळेत न मिळणारा विषय मिळतो आणि परतल्यावर तो धागा सुटत नाही तेव्हा. इंजिनिअरिंग आपल्याला आवडतं की नाही, हे चार वर्षांची फी भरण्याआधी कळणं हाही मोठा फायदा आहे. मग तो फायदा अर्जात दिसला नाही तरी चालेल.

शिफारसपत्राच्या आशेने जाऊ नका. मोठ्या वर्गाला दोन आठवडे शिकवणाऱ्याचं पत्र मोघमच होतं; वर्षभर शिकवलेल्या शाळेतल्या शिक्षकांचं पत्र कितीतरी भरीव असतं. सहा-सात आठवडे जवळून संशोधन करवून घेणारा मार्गदर्शक असेल, तर गोष्ट वेगळी.

क्रेडिटचे कोर्स, म्हणजे पुढे पदवीसाठी धरता येतील असे कॉलेजचे कोर्स, घेताना जपून. तिथला ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) कायम राहतो आणि पुढच्या अर्जांत सहसा दाखवावा लागतो. सात आठवड्यांत अख्ख्या सत्राचा अभ्यास उरकायचा असतो, एक आठवडा आजारपणात गेला की भरून काढणं कठीण होतं. क्रेडिटच हवं असेल तर जवळचं कम्युनिटी कॉलेज (कमी फीचं, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांचं स्थानिक सरकारी कॉलेज) आधी बघा. कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांना तिथली फी बहुधा माफच असते.

प्रोग्रॅम नाही म्हणून उन्हाळा वाया गेला असंही नाही. कॉमन अॅपच्या उपक्रमांत पगारी नोकरी आणि घरची जबाबदारी असे स्वतंत्र प्रकारच आहेत. दुकानात आठवड्याला २५ तास काम करणं किंवा धाकट्या भावंडांना सांभाळणं हे तिथे बिनसंकोच लिहावं.

वेळापत्रकाचं गणित मात्र आधी जमवा. अकरावीनंतरचा उन्हाळा महत्त्वाचा, कारण कॉमन अॅप १ ऑगस्टला उघडतं आणि लवकरच्या, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी करायच्या 'अर्ली' अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते. कडक निवडीच्या प्रोग्रॅमचे अर्ज डिसेंबर ते मार्चमध्ये बंद होतात आणि निकाल वसंतात लागतात. पैसे घेणारे प्रोग्रॅम त्याआधीच होकार कळवतात आणि अनामत मागतात. ती भरण्यापूर्वी किती तारखेपर्यंत किती रक्कम परत मिळेल हे लेखी घ्या. दुसऱ्या ठिकाणचा निकाल बाकी असेल तर तसं ईमेलवर स्पष्ट कळवून मुदत वाढवून मागा. जागा शिल्लक असतील तर ती मिळूही शकते, आणि नाही मिळाली तर परत न मिळणारी रक्कम किती आहे ते पाहून ठरवा.