आजीचं वय मतदार यादीत सात वर्षांनी कमी होतं

१९ एप्रिल २०२४. नागपुरात लोकसभेचं मतदान होतं आणि माझी आजी महाल भागातल्या आमच्या घरी पलंगावर पडून होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकर धरूनही तिला दहा पावलं चालवत नाही. १९६२ पासून एकही मतदान न चुकवलेली बाई. संध्याकाळी तिने आमच्या बोटांवरची शाई पाहिली आणि काही न बोलता भिंतीकडे कूस वळवली. ते मला अजून विसरता आलेलं नाही.

खरं तर तिच्यासाठी गृहमतदानाची, म्हणजे घरूनच मत देण्याची सोय होती. निवडणूक आयोगाचा नियम देशभर एकच आहे: वय ८५ च्या वर, किंवा किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला. (आधी ८० वर्षं पुरत, २०२४ मध्ये ८५ केली.) आजी ८६ची. पण बीएलओ (आमच्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचारी) मॅडमच्या गृहमतदानाच्या यादीत तिचं नावच नाही, कारण मतदार यादीत तिचं वय ७९ छापलेलं. कधीकाळी दारात आलेल्या कुणीतरी अंदाजाने लिहून घेतलं असणार. म्हाताऱ्या बाईची जन्मतारीख तेव्हा कोण विचारत होतं? मतदान तोंडावर आलेलं, दुरुस्तीला दिवस उरले नव्हते.

मे महिन्यात नमुना ८, म्हणजे यादीतली नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज, भरला. ऑनलाइन, पंधरा मिनिटांत. संदर्भ क्रमांक मात्र लगेच लिहून ठेवा, पुढे प्रत्येक खिडकीवर तोच विचारतात.

मग सुरू झालं ते निवडणूक कार्यालय. आजीच्या आधार कार्डावर फक्त जन्मवर्ष आहे, १९३७. बाबू म्हणाले, "यात तारीख कुठे आहे? पूर्ण तारखेचा पुरावा आणा." अर्ज नामंजूर. आजी चौथीपर्यंत शिकलेली, काटोल तालुक्यातल्या तिच्या माहेरच्या गावी. मी तिथल्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळातलं दाखल-खारीज रजिस्टर काढलं, पानं तुटू नयेत म्हणून एकेक उचलून पाहिली, आणि जून १९३७ ची तारीख सापडली. त्यांनी त्याच दिवशी उतारा करून दिला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तो उतारा घेऊन पुन्हा खिडकीवर. आता अडचण नावाची. रजिस्टरमध्ये माहेरचं नाव, यादीत सासरचं. "ही बाई तीच कशावरून?" त्या काळी लग्नाची नोंदणी कोण करत होतं? सेतू केंद्रातून प्रतिज्ञापत्र करून आणलं. तर उत्तर मिळालं, "अर्जदाराला समोर आणा."

मी तिथेच हादरलो. चालता येत नाही म्हणून जी सोय मागतोय, ती मिळवायला त्याच बाईला दोन जिने चढवून आणायचं? आवाज चढला माझा, खोटं कशाला सांगू. पण कामी आवाज आला नाही. कामी आलं ते हे: मी म्हटलं, "हे मला लेखी द्या." लेखी कुणी दिलं नाही, पण आतल्या साहेबांनी बोलावलं, कागद पाहिले आणि बीएलओंना घरी पडताळणीला पाठवायला सांगितलं. मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या, पाच मिनिटं आजीशी बोलल्या, झालं. घरी येऊन पाहण्याची ही सोय पहिल्या दिवसापासून होती. माझ्या पाच फेऱ्या आणि तीन सुट्ट्या कशासाठी गेल्या, हे मला आजही समजत नाही.

ऑगस्टअखेर अंतिम यादी आली. वय ८७. मी ती ओळ आजीला मोठ्याने वाचून दाखवली.

पुढचं सोपं होतं. विधानसभेची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली. नमुना १२-ड, म्हणजे गृहमतदानाचा अर्ज, त्यानंतर पाच दिवसांतच द्यावा लागतो. त्या वर्षी ते दिवस ऐन दिवाळीच्या तोंडावर आले होते; सणाच्या गडबडीत विसरू नका. पोच घ्या. आणि एकदा हा नमुना दिला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पथक पहिल्यांदा येईल तेव्हा माणूस घरी नसेल तर एकदाच पुन्हा येतात.

२० नोव्हेंबरच्या आधीच मतदान पथक आलं, सोबत पोलीस आणि कॅमेरावाला. आजीने नऊवारी नेसून घेतली होती. आडोशामागे तिने स्वतः खूण केली, मतपत्रिका लहान पाकिटात घातली, ते घोषणापत्रासकट मोठ्या पाकिटात गेलं. डिंक नीट लागलाय ना, हे तिने दोनदा अंगठ्याने दाबून पाहिलं.

तेव्हापासून मी गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांची वयं यादीत तपासतो. शेजारच्या काकूंच्या सासूबाई यादीत ७२ वर्षांच्या आहेत आणि त्यांचा थोरला मुलगा ६८चा. त्यांचा नमुना ८ परवाच भरला. शाळेचा उतारा काढायला येत्या शनिवारी सावनेरला जायचं आहे.