पान एक, वेळ दोन चाळीस

कलरचं काट्रिज फेब्रुवारीत बदललं आणि एप्रिल लागायच्या आत प्रिंटरवरचा तो केशरी दिवा परत लुकलुकायला लागला. बरं ते तिरंगी काट्रिज, एकाच डबीत तीन रंगांची शाई, त्यातला एक रंग संपला की बाकीचे दोन उरलेले असले तरी अख्खी डबी फेका. घरात माणसं चार, प्रिंटर एक, आणि कुणालाही विचारा, उत्तर तेच, मी कुठे काय प्रिंट केलं? नवरा म्हणाला मी तर सगळं ऑफिसातूनच काढून आणतो (हे तो अभिमानाने का सांगतो देव जाणे). मुलगी म्हणाली माझं प्रोजेक्ट मागच्या टर्मला होतं. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

मग म्हटलं जाऊदे, माणसं खोटं बोलतील, कॉम्प्युटरलाच विचारू. माझी आपली समजूत की कॉम्प्युटर म्हणजे चित्रगुप्त, सगळ्याची नोंद असणारच. प्रिंटरची रांग उघडली, तर रिकामी. ती रांग फक्त छापायचं बाकी आहे त्यांची असते. छापून झालं की नाव गेलं, आणि स्पूल नावाच्या फोल्डरमध्ये तेवढ्यापुरती ठेवलेली फाइल पण पुसली जाते. डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखं, तपासून बाहेर आलात की कंपाउंडर तुम्हाला ओळखत नाही. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये छापलेली डॉक्युमेंट्स जपून ठेवा अशी एक टिकमार्कची चौकट असते, पण ती आपण आधी टिक केली असेल तर, आणि ती कोण करतं.

बरं प्रिंटरला स्वतःला आकडा माहीत असतो. जन्मापासून एकूण किती पानं छापली याचा रिपोर्ट त्याच्या मेनूतून निघतो. म्हणजे निघतो कसा, तर छापून! किती पानं छापली हे कळायला अजून एक पान. दोन हजारांच्या वर काहीतरी होता तो आकडा, पण कुणी किती ते नाही.

खरी वही असते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोज आपल्या घडामोडी टिपून ठेवतो तिथे. तिथे पोचायचं म्हणजे सदाशिव पेठेतला पत्ता शोधण्यासारखं आहे, आधी ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग त्यातली शेकडो नावं ओलांडत खाली प्रिंटसर्व्हिस, आणि त्याच्या आत ऑपरेशनल. एवढं करून पोचले तर आत एक ओळ नाही. ही वही विंडोज बंदच ठेवून देतो, आपण राइट क्लिक करून इनेबल लॉग म्हटलं की त्या क्षणापासून लिहायला लागतो. मागचं काही मिळत नाही. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधला गुन्हा गेला तो गेलाच. मी इनेबल केलं, नवीन काट्रिज घातलं, आणि कुणाला काही न सांगता महिनाभर गप्प बसले. हे बरोबर होतं का हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, नंतर पडला.

महिन्याने उघडलं. प्रत्येक छपाईची एक नोंद, तिचा नंबर ३०७. कुणाच्या लॉगिनवरून, कुठल्या मशीनवर, कुठल्या पोर्टमधून, किती बाइट्स, किती पानं. आणि शेवटी एक वाक्य, नो यूजर ॲक्शन इज रिक्वायर्ड. म्हणजे झालंय ते झालंय, तुम्ही काही करायची गरज नाही. हे वाक्य प्रत्येक नोंदीखाली. मी ते दर वेळी वाचलं आणि दर वेळी दुर्लक्ष केलं.

एक गोची मात्र होती. फाइलचं नाव नाही. सगळीकडे नुसतं प्रिंट डॉक्युमेंट, प्रिंट डॉक्युमेंट. नाव दिसायला हवं तर त्याची वेगळी पॉलिसी, म्हणजे विंडोजची एक सेटिंग, चालू करावी लागते आणि ती जिथे असते ती ग्रुप पॉलिसीची खिडकीच आमच्या विंडोजच्या होम एडिशनमध्ये नाही. म्हणजे कोण, कधी, किती ते कळतंय, काय ते नाही. शेजारच्या काकूंना आपल्याबद्दल जेवढी माहिती असते साधारण तेवढी.

ऑफिसातून काढून आणणाऱ्या माणसाची रविवारी रात्री पावणेबाराला चौदा पानं होती. मुलीच्या वाढदिवसाची बारा आमंत्रणं माझ्या समोर निघाली होती, ती इथे एकच पान! नंतर कळलं की ३०७ मध्ये डॉक्युमेंटची पानं येतात, कॉप्या किती ते ८०५ नंबरच्या नोंदीत, डिटेल्समध्ये शिरून बघावं लागतं. आणि माझ्या नावावर नऊ. मला दोनच आठवत होत्या. उरलेल्या सात वेळा मी काय छापलं हे मी आजही सांगू शकणार नाही.

आणि मग बाबा. रोज. एक पान. दुपारी दोन चाळीस, कधी दोन बेचाळीस. महिन्यात एकही दिवस खाडा नाही. दुपारी नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत, मी पण बाहेर, घरात बाबा एकटे. आणि पान एकच पण बाइट्स भरपूर, म्हणजे नुसता मजकूर नाही, चित्र किंवा फोटो. त्यात बाबांनी तो पेपर खाली घेतला नव्हता हे आठवलं.

डोकं कुठे कुठे जातं अशा वेळी. रिपोर्ट? जुने फोटो? आईचे फोटो? विचारायचं तर सांगायला लागलं असतं की मी वही लावली आहे. त्यात नेमकं कुठेतरी वाचलं की बऱ्याच कलर लेझर प्रिंटरांमध्ये पानावरच बारीक पिवळे ठिपके छापायची सोय असते, डोळ्याला दिसत नाहीत, पण त्यातून मशीनचा नंबर निघतो, झेरॉक्सच्या एका मॉडेलचे ठिपके २००५ साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेच्या लोकांनी उलगडले तर त्यात छापल्याची तारीख आणि वेळसुद्धा होती. वाचून मी म्हटलं केवढी ही पाळत, काय मेली माणसं! आणि मग आठवलं आपण काय करतोय.

शनिवारी वाण्याकडे गेले. यादी बाबा करतात, सुंदर अक्षरात, गूळ अर्धा किलो, शेंगदाणे, हिंग छोटी डबी, कापूर. दुकानदार आत गूळ तोडत होता म्हणून मी उगाच कागद उलटा केला. पाठीमागे जास्वंद. आमच्याच बाल्कनीतली, लालभडक, अर्धं पान भरून. घरी येऊन दुधाच्या हिशेबाचा कागद उलटला, जास्वंद. फोनजवळचा, जास्वंद. महिनाभर मी त्या पाठकोऱ्या कागदांवर इस्त्रीवाल्याचे कपडे लिहीत होते आणि एकदाही पालथा करून बघितला नव्हता.

"बाबा, हे काय?"

"अगं तो रिपेअरवाला मुलगा नव्हता का आला जानेवारीत, तो म्हणाला काका, इंकजेट बंद ठेवलात तर नॉझलमध्ये शाई वाळते, उन्हाळ्यात तर जास्तच, अधूनमधून कलरचं एक पान काढत जा. तुम्ही कुणी काढत नाही. म्हणून मी काढतो."

"अधूनमधून म्हणाला ना? आठवड्यातून एकदा पुरतं बाबा!"

"रोजचं केलं की लक्षात राहतं. आणि कागद वाया नाही जात, पाठकोरा वापरतोच आपण."

आता यांना काय बोलणार. लाल रंग प्रिंटरकडे नसतोच, तो मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा एकमेकांवर मारून करतो, म्हणजे अर्धं पान जास्वंद म्हणजे दोन रंग एकदम उपसायचे, आणि हे रोज. प्रिंटर वाचवण्यासाठी ज्या माणसाने काट्रिज संपवलं त्याच्यावर मी महिनाभर नजर ठेवून होते. शेवटी ठरलं की दर बुधवारी एकच पान, तेही छोटं चित्र. बाबांनी लगेच मान डोलावली, इतक्या लगेच ते सहसा कशालाच हो म्हणत नाहीत.

वही बंद करायची होती, राहून गेली. परवा त्यासाठीच उघडली. बुधवार, दोन चाळीस, पान एक. शहाणे झाले म्हटलं. सहज म्हणून त्याच जॉबची ८०५ उघडली.

कॉप्या सात.

खाली तेच वाक्य होतं का ते बघायला परत ३०७ वर गेले. होतं. राइट क्लिक केलं, डिसेबल लॉग.